दोन्ही पाय एका बाजूला

वैशाख लागला की माझं डोकं फिरतं, आणि त्यात उन्हाचा वाटा अगदी थोडा असतो.

उन्हाची आम्हाला सवय आहे. सकाळी दहालाच लू सुटते. खिडकीला लावलेला वाळ्याचा पडदा बघता बघता कोरडा पडतो, गल्लीतून खरबूजवाल्याची आरोळी येते, दुपारी रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. सगळं दरवर्षीचंच. पण उज्जैनमध्ये याच दिवसांत लग्नं निघतात. एकेका मुहूर्ताला शहरातली कार्यालयं, धर्मशाळा, शाळांची मैदानंसुद्धा भरून जातात, आणि त्या लग्नांना निघालेल्या मोटरसायकली रस्ताभर पसरतात. शंभर सीसीच्या, एकशे दहाच्या, फार तर सव्वाशेच्या. पुढे कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला नवरा, टाकीवर मूल, आणि मागे ती. जरीची साडी, डोक्यावरून पदर, मांडीवर आहेराचं खोकं, कोपराला अडकवलेली पिशवी आणि दोन्ही पाय डावीकडे. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं, कारण चालान त्याच्या नावाचं फाटतं. तिच्या डोक्यात गजरा असतो.

मी माझ्या स्कूटरवरून त्यांच्या मागे असते. बँकेत पोचायचं असतं, पण माझी नजर त्यांच्या मागच्या चाकावरून हलत नाही. पदराचं टोक कुठपर्यंत लोंबतंय, ती सीटवर किती टेकलीय आणि बाहेर किती आहे. मग पुढे स्पीडब्रेकर दिसतो. नवरा ब्रेक दाबतो, ती पुढे सरकते, गाडी उडते, ती मागे जाते, खोकं सावरते, पदर सावरते, आणि पुन्हा काही झालंच नाही असा चेहरा करून फुटपाथकडे बघत बसते. मला हळूहळू राग चढायला लागतो. नक्की कुणावर, ते मला सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांवरच.

गाडीवर मात्र नाही, हे आधीच सांगते. त्या छोट्या गाडीने माळव्याला रस्त्यावर आणलं. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून दूधवाला येतो तो तिच्यावर. वायरची वेटोळी खांद्यावर घेतलेला इलेक्ट्रिशियन, गॅसचं सिलिंडर उशाशी घेतल्यासारखं मागे बांधलेला माणूस, खेड्यातल्या शाळेवर जाणारे गुरुजी, सगळे तिच्यावर. बंद पडली तर कुठल्याही लिंबाखाली तिला उघडून बसणारा मिस्त्री सापडतो. पेट्रोल संपलं तर किराणावाला बाटलीतून देतो. नवी गाडी दारात आली की पेढा तोंडात टाकायच्या आधी लोक विचारतात, "एवरेज क्या देती है भिया?" रंग कुठला, पळते किती, हे नंतर.

पण ही गाडी बनवताना कुणाचा विचार केला होता, ते तिच्याकडे बघूनच कळतं. पुढे पुरुष. मागे दुसरा पुरुष, दोन्ही बाजूंना त्याच्या पायांसाठी दांड्या. आणि मग कुणाला तरी आठवलं असावं की या देशात मागे बाई बसणार आहे. म्हणून डाव्या बाजूला, चाकाशेजारी, एक लोखंडी जाळी लावली आणि तिच्याखाली पाय टेकवायला एक पट्टी. त्या जाळीला साडी गार्ड म्हणतात. साडीची काळजी घेतली होती तर. साडीत कोण आहे, ते जिचं तिने बघावं.

शुभदावहिनी लग्न होऊन आमच्या माधव नगरच्या घरी आली तेव्हा तिला गाडी चालवता येत होती. स्कूटर नव्हे, गिअरची मोटरसायकल. ती धारची. तिचे वडील ग्रामसेवक, गावोगाव फिरायचे, आणि सुट्टीच्या दिवशी किल्ल्याकडच्या उतारावर त्यांनी मुलीला आपल्या गाडीवर शिकवलं होतं. गव्हाचं पोतं मागे बांधून ती गिरणीवर जायची. बघायच्या कार्यक्रमात त्यांनी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. "आमची शुभा गाडी फार छान चालवते हो." माझी आई हसून म्हणाली, "आमच्याकडे चालवणारा आहे की." सगळे हसले. वहिनीही हसली असणार, बघायच्या कार्यक्रमात मुली हसतातच.

त्यानंतर ती मागे बसली. दादा स्वभावाने गरीब माणूस आहे. वीज खात्यात नोकरी, कुणाला उलटून बोलायचा नाही, गाडी सावकाश हाकणारा, दर रविवारी तिला स्वतः धुऊन तेलपाणी करणारा. बायकोला त्याने कधी "तू चालवू नकोस" असं म्हटलं नाही. त्याच्या मनातच ते कधी आलं नाही. माझी स्कूटर फार नंतर, माझ्या बँकेच्या पगारावर आली; तेव्हा घरात त्याची एकटीच होती. घरात एकच गाडी असली की ती कुणाची, हे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. बायकांसाठी स्कूटर निघाल्या, हे लोक मला अभिमानाने सांगतात. निघाल्या ना, पण दुसरी गाडी परवडेल त्यांच्याच घरात. जिथे एकच आहे तिथे ती मोटरसायकल, आणि बाई मागे, बाजूला तोंड करून.

दोन्हीकडे पाय टाकून बसायचं एकदा वहिनीने काढलं होतं. आई म्हणाली, "बाईमाणसाला शोभत नाही ते." मी म्हटलं, "आई, आपलं घराणं मराठ्यांच्या दरबाराबरोबर इथे आलं ना? त्या काळच्या बायका कासोटा घालून घोड्यावर बसायच्या. त्यांना शोभायचं?" आईने पोळी उलटली. "त्या सरदारांच्या बायका. आपण कारकुनांच्या." विषय संपला.

अशी बरीच वर्षं गेली आणि एका वैशाखात माझ्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. कार्यालय देवास रोडला. मुहूर्त सकाळचा, आई पाहुण्यांबरोबर आधीच ई-रिक्षाने पुढे गेलेली. दादा आणि वहिनी मोटरसायकलवर, त्यांच्या मागे माझी स्कूटर. वहिनीने जांभळी रेशमी साडी नेसली होती. मांडीवर आहेराचा मिक्सर, चांगला मोठा खोका, चकचकीत कागदात बांधलेला. उजव्या हाताने खोका धरलेला, डावा हात मागच्या दांडीला. उन्हाने दांडी इतकी तापलेली की ती मधूनमधून हात उचलत होती. मला ते मागून दिसत होतं. एकदा वळून ती माझ्याकडे बघून हसली आणि डोळ्यांनीच म्हणाली, बघ काय अवतार.

रुंदीकरणासाठी रस्ता एका बाजूने उकरलेला होता. जुनं डांबर आणि नवी खडी यांच्यामध्ये हातभर उंचीची कड नव्हती काही, अगदी लहानशी पायरी होती. दादाने गाडी हळूच उतरवली. खरंच हळू. मागचं चाक खाली गेलं, खोका घसरला, वहिनीने तो वाचवायला दोन्ही हात पुढे केले, आणि रेशमी साडी रेक्झिनवरून अशी सुटली की जणू कुणी चादर ओढली. ती हनुवटीवर पडली. आवाज फार झाला नाही. मिक्सरच्या खोक्याचा जास्त झाला.

मी स्कूटर टाकली आणि ओरडले, "दादा!" पुढे कुठल्याशा वरातीचा बँड वाजत होता. मी वर बघितलं. दादा चाललाच होता. मान थोडी खांद्याकडे वळवलेली, हात हलवत तो मागे बसलेल्या बायकोशी बोलत होता. मी परत ओरडले. तो बोलत बोलत वळणापलीकडे गेला.

काय बोलत होता, ते त्यानेच नंतर सांगितलं. मागच्या टायरमधल्या हवेबद्दल. मागे वजन असलं की हवा थोडी जास्त ठेवावी लागते, असं तो तिला समजावत होता.

पुढच्या चौकात त्याने काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही, म्हणून वळून बघितलं. तो परत आला तोवर मी आणि एका उसाच्या रसवाल्या बाईने वहिनीला सावलीत घेतलं होतं. रसवालीने बर्फ ठेचून फडक्यात गुंडाळून हनुवटीला लावला होता, फडकं लाल होत होतं. वहिनीला बोलता येत नव्हतं. ती डोळ्यांनी काहीतरी शोधत होती आणि मला वाटलं दादाला शोधतेय. तिने हाताने खूण केली. पदर कुठाय, असं विचारत होती. तो फाटून बाजूला खडीवर लोळत होता. मी तो उचलून तिच्या छातीवर टाकला तेव्हा तिने डोळे मिटले.

"मला कळलंच नाही," दादा म्हणाला. रस्त्यावर गुडघ्यांवर बसून म्हणाला, रिक्षात म्हणाला, दवाखान्याच्या बाकावर बसून तोंडावर हात घेऊन म्हणाला. "मीना, मला कळलंच नाही गं." तो रडत होता, खरं रडत होता. मला त्याची दया यायला हवी होती. माझे हात त्याच्या पाठीवर ठेवण्याऐवजी मी मांडीखाली दाबून बसले.

जबडा दोन ठिकाणी मोडला होता, खांद्याचं हाडही. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारांनी एकमेकांना बांधले. तोंड बंद. आमरसाचे दिवस, आणि वहिनी तो पाण्यासारखा पातळ करून, गाळून, नळीने ओढायची. कैरीचं पन्हं, डाळीचं पाणी, ताक. उन्हाळाभर घरात तिच्या नळीचा सुर्र आवाज आणि कूलरची घरघर. आणि बघायला येणाऱ्यांची बडबड.

त्या बडबडीने मला पुरतं पेटवलं. एक बाई म्हणाल्या, रेशमी नेसायची नाही ना, सुती नेसायची. दुसऱ्यांनी विचारलं, मोबाइल बघत होती का? शेजारचे एक सद्गृहस्थ म्हणाले, "भाभीजी ठीक से बैठी नहीं होंगी." कुणीतरी दादाला विचारलं, गाडीला काही लागलं नाही ना? एकीने तर मिक्सरची चौकशी केली. मिक्सर शाबूत होता. वहिनी पलंगावर बसून हे सगळं ऐकायची. तोंड बांधलेल्या बाईला ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि लोकांना अशी बाई फार सोयीची वाटते.

वडिलांचे चुलतभाऊ वसंतकाका रेल्वेतून रिटायर झालेले. ते पेढे घेऊन आले. जिचे दात बांधलेत तिच्यासाठी पेढे. खुर्चीत टेकून म्हणाले, "शुभा, नीट धरून बसायचं ना गं."

माझ्या हातात पन्ह्याचा पेला होता. तो मी खाली ठेवला. "काका, जरा अंगणात या."

"का गं?"

"या तर."

अंगणात दादाची गाडी स्टँडवर उभी होती. मी म्हटलं, "बसा मागे. दोन्ही पाय डावीकडे." त्यांना गंमत वाटली. बसले. मी आतून मिक्सरचा खोका आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. माझी पर्स त्यांच्या कोपराला अडकवली. ओढणी काढून त्यांच्या डोक्यावरून दिली आणि टोक हातात दिलं. "हे चाकात जाऊ द्यायचं नाही. खोका पाडायचा नाही. आता मला दाखवा, नीट कशाला धरायचं?"

ते हसत होते. मी मागची दांडी धरून गाडी गदागदा हलवली. खोका सुटला, काका घसरले, त्यांनी माझा खांदा पकडला. "अगं, पाडशील मला!"

"गाडी उभी आहे काका. स्टँडवर आहे."

शेजारी कंपाउंडवरून बघून हसायला लागले. आई धावत बाहेर आली. "मीना! वडीलधाऱ्यांशी असं वागतात?" काकांनी ओढणी माझ्या हातात कोंबली, शर्ट खाली ओढला. "आम्हाला बायकांसारखं बसायची सवय नाही," एवढं म्हणून ते गेले. पेढे राहिले. कुणाला काही पटलं असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण खिडकीतून एक चमत्कारिक आवाज येत होता. मी घाबरून आत पळाले, वाटलं वहिनी रडतेय आणि तारा तुटतील. ती गाल दोन्ही हातांनी दाबून हसत होती. डोळ्यांतून पाणी, आणि बांधलेल्या दातांच्या फटीतून फुस् फुस्.

तारा काढल्या तेव्हा ज्येष्ठ संपत आला होता. पहिले काही दिवस तिचं बोलणं जड होतं, शब्द एकेक करून बाहेर यायचे. दादा तिच्या पायाशी बसून पुन्हा तेच म्हणाला. वहिनीने ऐकून घेतलं. मग सावकाश विचारलं, "तुम्हाला कळायला मी काय करायला हवं होतं?"

त्याने त्याला सुचलं ते केलं. आठवड्याभरात दारात नवी स्कूटर आणून उभी केली, फिक्कट गुलाबी रंगाची, हारबीर घालून. आणि मग काय विचारता! सगळी कॉलनी दादाचं कौतुक करायला लोटली. "बायकोसाठी किती करतो! आमच्याकडे बघा." जे लोक वहिनीला सल्ले देऊन गेले होते तेच पेढे खाऊन दादाला शाबासकी देऊन गेले. मी दाराशी उभी राहून ऐकत होते आणि माझे कान तापले होते. पडली ती, हाड मोडलं तिचं, उन्हाळाभर उपाशी राहिली ती. मोठा झाला तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी सलवार-कमीज घालून बाहेर आली. स्कूटरची चावी तिने दादाच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि खुंटीवरची मोटरसायकलची काढली.

"अहो, ही तुम्ही वापरा. मला ती येते."

आई म्हणाली, "शुभा, अगं, सगळी गल्ली बघेल."

"आई, सगळ्या गावाने मला रस्त्यात पडलेली पाहिलीय," वहिनी म्हणाली. "चालवताना पाहिलं तर काय बिघडेल?"

दादाचं हेल्मेट तिला मोठं होतं, तिने पट्टा आवळला. पहिली किक फुकट गेली. दुसरीलाही गाडी नुसती खोकली. तिसऱ्या किकेला ती सुरू झाली आणि वहिनीने पायाने असा गिअर टाकला की जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. गेली होती हो. तेच तर. चांगली चालवणारी बाई इतकी वर्षं सामानासारखी मागे बसली, आणि आम्ही सगळे शहाणेसुरते लोक त्याला संसार म्हणत होतो.

आता दादा गुलाबी स्कूटरवरून ऑफिसला जातो. तिला एवरेज कमी आहे अशी कुरकुर करतो. आईने सुनेच्या मागे बसायचं अजून कबूल केलेलं नाही, ती ई-रिक्षाच करते. सगळंच बदललं असं काही मी सांगणार नाही.

या वैशाखात, मागच्याच आठवड्यात, माझी स्कूटर दुरुस्तीला होती म्हणून मी वहिनीच्या मागे बसून निघाले होते, दोन्हीकडे पाय टाकून, हेल्मेट घालून. टावर चौकाच्या सिग्नलला थांबलो. शेजारी येऊन एक मोटरसायकल उभी राहिली. पुढे वाढवलेल्या दाढीचा तरुण, मागे नवी नवरी, कोपरापर्यंत मेंदी, हातभर चुडा, लाल बनारसी. एका बाजूने बसलेली, मांडीवर मिठाईचे डबे, एकावर एक. मी बघितलं आणि माझे दात आवळले गेले. पण मी काही बोलायच्या आत वहिनीने हेल्मेटची काच वर केली.

"बेटा, दोनों तरफ पैर करके बैठो."

मुलगी चमकली. तिच्या नवऱ्याने मान वळवली. "हम धीरे चलाते हैं, आंटी."

"वो भी धीरे चला रहे थे," वहिनी म्हणाली.

तिने हेल्मेटचा पट्टा सैल करून हनुवटी वर केली. जबड्याच्या कडेने कानापर्यंत गेलेला त्या दिवसाचा व्रण उन्हात पांढरा दिसत होता. मुलीने तो बघितला. नवऱ्यानेही बघितला आणि नजर सिग्नलकडे वळवली. हिरवा लागला. त्याने गाडी गिअरमध्ये टाकली.

"रुकिए," मुलगी म्हणाली.

"अरे, ग्रीन हो गया."

"रुकिए ना." आणि ती खाली उतरली. भर चौकात. मिठाईचे डबे तिने त्याच्या हातात दिले, आणि त्याला घ्यावे लागले. मागे लगेच हॉर्न सुरू झाले. एक मोठी गाडी आमच्या मागच्या चाकाला टेकेल इतकी पुढे आली, कुणीतरी काचेतून हात काढून ओरडला, हटो, हटो. वहिनीने मागे वळून बघितलं. मग तिने हँडल फिरवलं आणि आमची गाडी त्या मोठ्या गाडीसमोर आडवी घातली. पाय जमिनीवर रोवले आणि चावी फिरवून इंजिनच बंद केलं.

हॉर्न वाजत होते. बनारसीच्या निऱ्या वर घेऊन, कमरेला खोचून, ती मुलगी चुडा आवरत होती. ती मुळीच घाई करत नव्हती.